मावशीने झटक्याची वाट बघायची का?

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस स.न.

सोलापूरचं सिव्हिल आपल्या खात्याकडे आहे, म्हणून आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय.

आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन बसून बसून गुडघे गेले. मग जिना चढताना दम लागायला लागला, पाठ आणि जबडा दुखायचा. छातीत मात्र कळ नाही. एका दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हृदयविकाराचा झटकाच आला.

ईसीजी खोटा नव्हता. निजलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त कमी लागतं. हृदयाची शीर बरीच अरुंद झाली तरी तेवढं पुरतं. टंचाई कळते ती हृदयाला कामाला जुंपल्यावर. त्यासाठी ट्रेडमिल टेस्ट असते, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. पण जिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नाही ती पट्ट्यावर काय चालणार? अशांना डोब्युटामाइन नावाचं औषध देऊन हृदयाची गती वाढवतात आणि हृदयाचा कुठला भाग नीट आकुंचन पावत नाही ते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, बघतात. नाहीतर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या शिरांचं स्कॅन. शिरा उठून दिसाव्यात म्हणून हाताच्या शिरेत औषध सोडायचं, काही सेकंद श्वास रोखायचा. हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ जणांचा अभ्यास झाला. नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिलेल्यांपैकी पाच वर्षांत २.३ टक्के लोकांना झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, बाकीच्यांत ३.९ टक्के.

सरसकट सगळ्यांची सीटी करा, असं म्हणत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते औषध जपून द्यावं लागतं, आणि हृदयाच्या शिरेत कॅल्शियम फार साचलं असेल तर चित्र नीट दिसत नाही. कुणाला कुठली चाचणी, ते डॉक्टर ठरवतील. ती परवडली मात्र पाहिजे.

आईची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली, एक रुपया लागला नाही. उपकार विसरलो नाही. आता मावशीला तसाच दम लागतोय. तीही विडी कामगार. तिला सीटी लिहून दिलीय, पण भरती न होता केलेली चाचणी योजनेत बसत नाही, असं काउंटरवर सांगितलं.

विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी सिव्हिलमध्ये आठवड्यातला एक दिवस या चाचण्यांना ठेवा, मोफत. कुठली चाचणी कधी होते, मशीन चालू आहे की बंद, हे ओपीडीच्या दारात मराठीत आणि तेलुगूत लिहा. हजार विड्यांमागे मजुरी घेणारी बाई नुसतं विचारायला दोनदा खाडा करू शकत नाही.

मावशीचा केसपेपर तयार आहे. वार कळवा.

आपला,
पूर्व भागातला एक रहिवासी, सोलापूर