गिअरच्या गाड्या आणि गुंतवणुकीचा सल्ला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गुंतवणूक पुरवणीतला लेख पिंपळे सौदागरला राहणाऱ्या माझ्या पुतण्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवला. परदेशात मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्‌स कार जुन्या होऊनही महाग होत चालल्या आहेत, तेव्हा सोनं-जमिनीच्या जोडीला त्यांचाही विचार करायला हरकत नाही, असा त्या लेखाचा सूर होता. खाली पुतण्याचा निरोप होता: ‘काका, यातली एक गाडी तर तुमच्या दारातच आहे. आम्ही चौघे मित्र पैसे जमवतो, तिकडे अशीच एक घेऊन ठेवा. चालवायची नाही. दहा वर्षांनी विकू.’ त्याला फोनवर जे सांगितलं तेच आपल्याला सविस्तर लिहितो आहे. तो लेख वाचून त्याच्यासारखे आणखी कितीजण हिशेब मांडत बसले असतील कोण जाणे.

मी मूळचा भोसरीचा. डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका गिअरच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली, त्यातली शेवटची तीन गिअर बदलताना दातांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा तपासण्यात. बायकोच्या नोकरीमुळे १९९९ साली न्यू जर्सीला आलो. इथेही आयुष्य मशिन शॉपमध्येच गेलं. माझ्याकडे २००२ सालची होंडा एस२००० आहे. २०११ मध्ये घेतली, वापरलेली, ४८ हजार मैल झालेली, साडेचौदा हजार डॉलरला. आज तिचे ९७ हजार मैल झालेत आणि तरीही मागच्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसाने २८ हजार देऊ केले. म्हणजे भाव वाढतोय हे लेखात लिहिलंय ते खरं आहे. तो का वाढतोय आणि त्यात आपला फायदा आहे का, एवढाच माझा वाद आहे.

ही गाडी होंडाने कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने बनवली आणि १९९९ ते २००९ अशी दहा वर्षं विकली. जगभरात मिळून एक लाख दहा हजारांच्या आसपास. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी २४० हॉर्सपॉवर, आणि फिरतं जवळजवळ नऊ हजार आरपीएमपर्यंत. सहा हजारापर्यंत ती शहाण्यासारखी चालते. सहा हजाराच्या पुढे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा दुसरा उंचवटा लागू होतो आणि आवाजच बदलतो, पाठ सीटला चिकटते. पण मला विचाराल तर तिची खरी श्रीमंती गिअरच्या दांड्यात आहे. मनगट हलवलं की पुढचा गिअर पडतो, कोपर हलवावं लागत नाही. दोन बोटांना दात बसल्याचं कळतं, अगदी आतून, कुलपात किल्ली फिरावी तसं. मी हजारो रिंगा हाताखालून घातल्या आहेत, पण दात एकमेकांत असे बसताना दुसऱ्या कुठल्याही गाडीत हाताला जाणवले नाहीत. या गाडीत ऑटोमॅटिक कधी आलंच नाही. ज्याला हवी त्याने क्लच दाबायला शिकायचं, एवढा साधा मामला.

किमती वाढण्याचं मूळ इथे आहे. १९९७ साली फेरारीने एफ३५५ मध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचा गिअरबॉक्स आणला. पुढे दोन क्लचचे गिअरबॉक्स आले. ते माणसापेक्षा लवकर गिअर टाकतात, चुकत नाहीत, ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखत नाही. गिऱ्हाईक तिकडे वळलं, कंपन्याही वळल्या. आज अमेरिकेत शंभर नव्या गाड्या विकल्या तर त्यात गिअरच्या एक-दोन असतात. फेरारीची एफ४३० नवी होती तेव्हा बहुतेकांनी पट्टीवालीच घेतली, धातूच्या खाचांतून खट-खट करत दांडा फिरणारी मॅन्युअल फार थोड्यांनी मागितली. आता त्याच थोड्या गाड्या पट्टीवालीच्या दुपटीच्या आसपास जातात. काही लोक पट्टीवालीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घेतात, पण तिला कारखान्यातून तशी आलेल्या गाडीचा भाव येत नाही.

म्हणजे लोक जे पैसे मोजताहेत ते पत्र्याचे नव्हेत, नावाचेही नव्हेत. गाडी आपण चालवली असं वाटण्याचे ते पैसे आहेत. ज्यांना नव्या गाडीत ते मिळत नाही ते जुनी शोधतात. आणि अशी गाडी विकत घेऊन ‘चालवायची नाही’ म्हटलं, की ज्यासाठी पैसे दिले तेच आपण कुलपात टाकलं.

आता हिशेबाचं बोलतो, कारण पुतण्याला तोच पटतो. माझी एक वही आहे. २०११ पासून गाडीवरचा प्रत्येक डॉलर त्यात लिहिलाय. विमा साडेआठ हजारांच्या घरात. टायरचे चार संच झाले, मागचे लवकर झिजतात, त्यांचे साडेतीन हजार. कापडी छत बदललं, क्लच बदलला. दुसऱ्या गिअरला घरघर यायला लागली तेव्हा गिअरबॉक्स उतरवून गॅरेजच्या फरशीवर जुन्या चादरीवर मांडला आणि सिंक्रोनायझर स्वतः बदलले. मजुरी शून्य, तरी सामानाचे नऊशे गेले. दुसरा गिअर हे या गाडीचं जुनं दुखणं आहे, घेणाऱ्याने माहीत करून घ्यावं. ऑइल, ब्रेक, बॅटरी धरून वहीची बेरीज एकोणीस हजारांवर जाते. साडेचौदा आणि एकोणीस, साडेतेहेतीस हजार. पंपावरच्या माणसाचे अठ्ठावीस. चौदा वर्षांत पैशाने मी साडेपाच हजारांनी खाली आहे, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही, कारण मी ४९ हजार मैल ती चालवली आहे. जो चालवणार नाही त्याच्या वहीत यातला बराचसा खर्च असेलच, मैल मात्र नसतील.

उभी गाडी जपली जाते हा गैरसमज आहे. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि टाकीत पडून पेट्रोल खराब होतं. ऑइल सील कोरडे पडून गळायला लागतात. टायर एका जागी दबून चपटे होतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. क्लचप्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटलेली मी स्वतः सोडवली आहे, दुसऱ्या एकाच्या गाडीत. वायरिंग उंदीर खातात ते वेगळंच.

लांबून, न बघता घेणाऱ्यांना आणखी एक धोका सांगतो. नऊ हजारापर्यंत फिरणारं इंजिन, तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना हात चुकून दुसऱ्यात गेला, की चाकं इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतात. इंजिनाचा वेग रोखणारा इलेक्ट्रॉनिक लिमिटर तिथे काही करू शकत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा धरून ठेवणारे रिटेनर तडकतात. गाडी त्या दिवशी बंद पडेलच असं नाही, कधी ते पुढच्या मालकाच्या नशिबी येतं. फोटोत ते दिसत नाही. जाणकार माणूस आधी व्हॉल्व्ह कव्हर काढून बघायला मागतो, आणि जो विक्रेता नाही म्हणतो त्याच्या दारातून परत फिरतो.

लेखात पोर्शेच्या ९११ आर या गाडीचा ओझरता उल्लेख होता, पुढची गोष्ट नव्हती. ती सांगितलीच पाहिजे. २०१३ मध्ये पोर्शेने ९११ चीच नवी जीटी३ काढली ती फक्त ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्सची. चाहते नाराज झाले. मग मार्च २०१६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ९११ आर आली: चार लिटरचं इंजिन, पाचशे हॉर्सपॉवर, सहा गिअर, क्लच पेडल, आणि गाड्या फक्त ९९१. अमेरिकेतली किंमत एक लाख ८५ हजार डॉलरच्या घरात. काही महिन्यांतच तिच्यासाठी पाच-सहा लाख आणि त्याहूनही जास्त मागणारे निघाले. लोकांनी त्या भावात घेतल्याही. आणि २०१७ च्या मार्चमध्ये पोर्शेने त्याच ताकदीची जीटी३ पुन्हा गिअरच्या दांड्यासकट बाजारात आणली. ९११ आरचा भाव खाली आला. ज्याने चालवायला घेतली होती त्याचं काही बिघडलं नाही. ज्याने शिखरावर घेऊन झाकून ठेवली त्याने किती गमावले, हे त्यालाच विचारा. एका कंपनीच्या एका निर्णयावर ज्या वस्तूचा भाव असा हलतो, तिच्यात चौघा मित्रांनी पगारातले पैसे घालावेत?

आणि खुद्द कंपनीलाही हा व्यापार नको आहे. २०२३ मध्ये पोर्शेने ९११ एस/टी काढली, तीही फक्त मॅन्युअल. ९११ चा जन्म १९६३ चा, म्हणून गाड्या १९६३. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना ती पहिलं वर्ष भाडेकरारावर दिली, मालकी नंतर. घेतली आणि दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकली असं होऊ नये म्हणून. मला हे फार योग्य वाटलं.

गेल्या वर्षी मी इथून तासाभराच्या अंतरावर एक पिवळी एस२००० बघायला गेलो होतो. घ्यायला नाही, नुसती बघायला. मालक सज्जन माणूस. तीन हजार मैल झालेली गाडी, गॅरेजात वातानुकूलन, मऊ कव्हर, खाली गालिचा. दर दोन महिन्यांनी तो लाल बटण दाबून इंजिन सुरू करतो, दहा मिनिटं चालू ठेवतो आणि बंद करतो. मला आत बसू दिलं. मी क्लच दाबून पहिला टाकला, दुसरा टाकला. दांड्याची मूठ इतकी नवी होती की तिच्यावर कुणाच्या हाताची खूणच नव्हती. माझ्या गाडीच्या मुठीवर माझ्या अंगठ्याच्या जागी एक गुळगुळीत डाग पडला आहे. मी त्याला विचारलं, शेवटची रस्त्यावर कधी काढली होती? तो म्हणाला, घेतली तेव्हा, ट्रकमधून उतरवून आत घेताना. परत येताना मला खरंच वाईट वाटलं. इतक्या हुशार लोकांनी इतक्या कष्टाने नऊ हजाराला फिरणारं इंजिन बनवलं, आणि ते आठशेवर दहा मिनिटं घुमतं आणि झोपतं.

पुतण्याला वाटत होतं की पुढेमागे ती गाडी पुण्यालाही आणता येईल. नाही येणार. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. अमेरिकेत बरोबर उलटं: इथल्या नियमांसाठी न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाली की आणता येते. निसानची आर३४ स्कायलाइन जीटी-आर २०२४ पासून यायला लागली ती त्यामुळेच, आणि तिचे भाव त्याच्या आधीपासूनच चढले होते.

पण त्याला हव्या त्या गाड्या घराजवळ आहेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो निघाली होती, १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, दहा लाखांच्या आत. थोड्याच विकल्या गेल्या, पुढे फियाटने भारतात गाड्या विकणंच बंद केलं. त्याच्या आधीची स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १.८ टर्बो, तीही गिअरचीच. या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: भंगारात घालू नका, आणि कव्हर घालून ठेवूनही देऊ नका. त्यांची कामं जाणणारे मेकॅनिक पुण्यात अजून आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या, सुटे भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवा. त्या गाड्या फायद्यात विकता येतील का, ते मी सांगणार नाही. रविवारी पहाटे ताम्हिणीत दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना काय वाटतं ते सांगू शकतो, कारण मी भोसरीला असताना प्रीमियर पद्मिनीने तो घाट चढलो आहे, स्टिअरिंगला गिअर असलेल्या.

संपादक महोदय, पुढच्या वेळी पुरवणीत या विषयावर लिहाल तेव्हा भावाच्या आकड्यांशेजारी विम्याचा, टायरचा आणि सीलचा आकडाही छापा, आणि ९११ आरची २०१७ ची गोष्टही. वाचणारा मग स्वतः ठरवेल.

पुतण्याला मी सांगितलं की ते पैसे पाठवू नका, डिसेंबरात आलो की आपण दोघे तिकडे एखादी पुंटो बघायला जाऊ. तो तयार झालाय. माझी गाडी सध्या चाचरत्या हातांत आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबरपासून ती आत होती. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या पावसाने मीठ धुऊन नेलं आणि मी कव्हर काढलं. यंदा धाकटी मुलगी शिकते आहे. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मागच्या शनिवारी सात वेळा गाडी बंद पडली, आठव्यांदा हाफ क्लचवर अलगद सुटली. क्लचची घासलेली प्लेट वहीत लिहायची की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ भोसरी)