जुन्या पिकअपच्या टोचन क्षमतेबद्दल खोटी माहिती देऊन विक्री केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
जुनी व्यावसायिक वाहने विक्री,
कुर्ला (प.), मुंबई

विषय : आपल्याकडून घेतलेली २५०० सीसी डिझेल पिकअप जनरेटरची ट्रॉली ओढू शकत नाही, गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम देणेबाबत.

महोदय,

माझा भांडुपला जनरेटर भाड्याने देण्याचा धंदा आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतली शूटिंग, लग्नाचे हॉल, गणपतीचे मंडप आणि सीझनला लोणावळा-खंडाळ्याचे बंगले अशी गिऱ्हाइकं. ४० केव्हीएचा सेट दोन चाकी ट्रॉलीवर बसवलेला आहे. कॅनोपी, डिझेल, केबल धरून ट्रॉली काट्यावर १८०० किलो भरते. काट्याची पावती गाडी घेण्याआधीच आपल्या विक्री प्रतिनिधींना व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि एकच प्रश्न विचारला होता : ही ट्रॉली घेऊन गाडी खंडाळ्याचा घाट चढेल का? उत्तर आलं, "साहेब, २५०० सीसी आहे, टेन्शन घेऊ नका. दोन टन आरामात ओढेल." वर, हूक आमच्याच वर्कशॉपमधून बसवून देतो, असंही म्हणाले. तो संवाद सोबत जोडला आहे.

मुंबईत गाडीने निभावून नेलं. मुलुंड चेकनाका, ऐरोली पूल, सपाट रस्ता. प्रश्न घाटाचाच होता आणि घाटातच गाडीने मान टाकली. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर निघालो, शिंग्रोबाच्या देवळाच्या पुढे ट्रॅफिकमुळे चढावर थांबावं लागलं आणि पुन्हा उचलताना क्लच जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. ट्रॉली सोडवून क्रेनने वर न्यावी लागली, लग्नघरी दुसऱ्याचा सेट मागवावा लागला. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील फेसिंगचं बिल सोबत आहे. गेलेल्या गिऱ्हाइकाचं बिल कसं जोडणार?

आपल्या शाखेत येऊन सांगितलं, तेव्हा मला आरसी दाखवण्यात आली. "बघा, २५०० सीसीच आहे, आम्ही खोटं बोललो नाही. तुमचा ड्रायव्हर चुकीच्या गिअरमध्ये चढवतो." महोदय, सीसीबद्दल माझी तक्रारच नाही. मी विचारलं होतं ओढण्याबद्दल, आपण उत्तर दिलं सिलिंडरच्या मापाचं. सीसी म्हणजे पिस्टन वरखाली होताना किती जागा व्यापतात, तेवढंच. त्यातून ताकद किती निघते हे टर्बो आहे का, डिझेल कसं फवारलं जातं, यावर ठरतं. महिंद्राच्या बोलेरोचं उदाहरण घ्या (माझी गाडी त्या कंपनीची नाही). २०१६ साली त्यात १४९३ सीसीचं इंजिन आलं, ते ७० हॉर्सपॉवरचं. आधीचं २५२३ सीसीचं ६३ हॉर्सपॉवरचं. मापाने सुमारे एक लिटर कमी, ताकदीने जास्त.

आता माझ्या गाडीचा हिशोब मांडतो, कारण शाखेत तो कोणीच मांडला नाही. गाडी रिकामी १६०० किलो, दोन माणसं आणि सामान ३००, ट्रॉली १८००. एकूण ३७०० किलो. रस्ता जिथे दहा मीटरला एक मीटर चढतो तिथे नुसत्या चढासाठी ३७० किलोचा ओढा लागतो, वर टायरचं घर्षण साधारण ५५ किलो, मिळून ४२५. ताशी ४० किलोमीटर वेग ठेवायचा तर चाकांवर ६३ हॉर्सपॉवर पोचायला हवी. आपल्याच जाहिरातीत या गाडीची ताकद ६३ हॉर्सपॉवर लिहिली आहे आणि तीही इंजिनावर, नव्या इंजिनाची. गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियनमध्ये (चाकांकडे जोर वळवणाऱ्या मागच्या गिअरमध्ये) काही जाते, वयाने काही जाते. म्हणजे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणार, इंजिन पूर्ण जोरावर असणार आणि रेडिएटरवर वारा मात्र रांगण्याइतकाच येणार. गाडी तापली यात ड्रायव्हरचा काय दोष?

मागच्या डिफरन्शियलचा रेशो किती, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो, असं मी आपल्या माणसाला विचारलं. त्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "फोर-व्हील नाही साहेब, टू-व्हील ड्राइव्ह आहे." ज्यांच्याकडे टोचनची संस्कृती खरोखर आहे त्या अमेरिकेत एकाच इंजिनाच्या पिकअपला मागच्या ॲक्सलच्या रेशोप्रमाणे ओढायचे वेगवेगळे आकडे छापतात. २००८ साली तिथे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे ओढण्याच्या चाचणीचं मानक आलं. त्यात गाडीला ट्रेलर लावून, एसी पूर्ण चालू ठेवून, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढाच्या अटींवर पारखतात. आपल्याकडून तसल्या चाचणीची अपेक्षा नाही. पण बनवणाऱ्या कंपनीने गाडी, माल आणि ट्रॉली मिळून किती वजनाला मान्यता दिली आहे, याचा एक कागद तरी हवा की नको? पासिंग (आरटीओने मंजूर केलेला भार) किती, हे पाठीवरच्या मालाचं उत्तर झालं. मागे ओढायच्या वजनाला ते लागू होत नाही.

हूकबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण तो जिवाशी खेळ आहे. भांडुपच्या फिटरने गाडी खड्ड्यावर घेतली तेव्हा दिसलं की हूकची प्लेट चेसिसच्या क्रॉस-मेंबरला (आडव्या पट्टीला) धरलेलीच नाही, बंपरच्या पत्र्याला बसवली आहे. चार भोकांपैकी एकात बोल्टच नाही. वरून काळा रंग असा मारलाय की पटकन कळू नये. बाकीची भोकं ओढ बसून लांबट झाली आहेत आणि कडेचा रंग तडकून आतला पत्रा चकाकतोय. दोन चाकी ट्रॉलीचा दहावा हिस्सा तरी हूकवर टेकतो, म्हणजे माझ्या बाबतीत १८० किलो, तेही मागच्या ॲक्सलच्या बाहेर. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, हे आपल्या वर्कशॉपने हूक बसवताना पाहिलं होतं. तरी एका शब्दाने विचारलं नाही. तो हूक घाटात उतारावर सुटला असता तर आज मी हे पत्र लिहीत नसतो. फोटो जोडले आहेत.

माझी मागणी सरळ आहे. या मॉडेलला १८०० किलोची ट्रॉली ओढायची मान्यता आहे, असा बनवणाऱ्या कंपनीचा लेखी कागद आपल्याकडे असेल तर तो द्या. नसेल तर गाडी परत घ्या, पूर्ण रक्कम, हूकचे पैसे, क्लचचं बिल आणि क्रेनचं भाडं द्या. "दुसरी, ३००० सीसीची देतो, वर थोडे भरा" हा फोनवर आलेला प्रस्ताव मला मान्य नाही. पुन्हा तेच सीसीचं गाणं.

गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून मी ग्राहक नाही, असं कोणी सुचवण्याआधी सांगतो : पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या स्वयंरोजगाराला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सूट आहे, आणि मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे मला जाता येतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याची तयारी झाली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दोन्हीकडे जाईन.

गाडी भांडुपला फिटरकडे उभी आहे, हूक तसाच ठेवला आहे, कोणालाही हात लावू दिलेला नाही. आपला अभियंता पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. विक्री प्रतिनिधी नको, डिफरन्शियलचा रेशो सांगू शकेल असा माणूस पाठवावा.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
भांडुप (प.), मुंबई