टेबल दिसतं, पण लिहू देत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला घेतलं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची (तुमच्या नोंदी ज्यात ठेवता त्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती टाकल्यापासून सभासदांच्या नोंदी बदलता येत नाहीत, काही ओळींत '#डिलीटेड' (म्हणजे 'पुसलं गेलं') दिसतं, आणि एकटंच काम करतानाही 'दुसऱ्या कुणीतरी नोंद बदलली' असा संदेश येतो, एवढंच असतं तर मी सावकाश लिहिलं असतं. पण इतकी वर्षं नोंदी भरणाऱ्या तुझ्या सहकारी बाईंवरच ठपका आलाय, 'यांनीच काहीतरी उडवलं' म्हणून, ते वाचून मला फार वाईट वाटलं. आधी त्यांना धीर दे. तू लिहिलेल्या लक्षणांवरून तरी कुणी काही उडवलेलं दिसत नाही. नोंदी जागच्या जागी असणार.

असं का म्हणतो ते सांगतो. एखादी ओळ बदलताना आपण टाइप केलेलं परत नेमक्या कोणत्या ओळीत लिहायचं, याची ॲक्सेसला पक्की खात्री लागते. ती नसेल तर ते लिहूच देत नाही. मला हे योग्यच वाटतं, कारण भलत्याच सभासदाच्या खात्यावर पत्ता बदलला गेला तर ते कळायलाही महिने जातील. आवृत्ती बदलली की ड्रायव्हर (ॲक्सेसला नोंदींचा साठा असलेल्या सर्व्हरशी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) बदलतात, लिंक (बाहेरच्या टेबलांशी असलेल्या जोडण्या) नव्याने जोडल्या जातात, आणि ओळ ओळखण्याची ती खूण मध्येच कुठेतरी हरवते. ती कुठे हरवली ते शोधणं हेच आपलं काम.

शोधाशोध सुरू करण्याआधी सगळ्यांना फाइल बंद करायला सांग आणि तिची एक प्रत वेगळ्या जागी काढून ठेव. फाइलशेजारी त्याच नावाची, 'लॅकडीबी' शेपटीची एक छोटी फाइल दिसत असेल तर कुणाकडे तरी ती अजून उघडी आहे. (सगळ्यांनी बंद करूनही ती उरली, तर मागे कधीतरी प्रोग्रॅम अर्धवट बंद पडलेला असतो, मग ती खुशाल पुसून टाक.) 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'चं (फाइल आवळून दुरुस्त करण्याचं) बटण प्रत काढल्याशिवाय कुणालाही दाबू देऊ नकोस. घाबरलेली माणसं पहिलं तेच दाबतात.

आता फॉर्म (नोंदी भरायची खिडकी) विसर आणि थेट टेबल (नोंदींचा मूळ तक्ता) उघड. अगदी तळाशी जा. डाव्या कडेला तारा असलेली एक रिकामी ओळ दिसते का बघ. ती नव्या नोंदीची जागा. ती नसेल आणि 'नवी नोंद'चं बटणही पुसट झालं असेल, तर तिथे लिहिता येणार नाही हे टाइप न करताच कळलं. तारा असेल तर प्रतीतल्या कुठल्याही रकान्यात एक अक्षर टाक. ओळीच्या डाव्या टोकाला पेन्सिल उमटली पाहिजे. उमटली की एस्केप दाब, अक्षर निघून जाईल. मग हेच क्वेरीत (टेबलातून हव्या त्या नोंदी काढणाऱ्या यादीत) कर, शेवटी फॉर्ममध्ये. पेन्सिल ज्या पायरीवर उमटायची थांबेल तिथे दोष. पुष्कळ जण फॉर्मपासून खाली यायला जातात आणि त्यात अख्खा दिवस घालवतात. तू टेबलापासून वर ये.

टेबलातच पेन्सिल नसेल आणि ते त्याच फाइलमधलं असेल, तर फाइलच वाचण्यापुरती उघडली असण्याचा संभव मोठा. मेलमधून थेट उघडलेली किंवा झिपमधून न काढता उघडलेली फाइल अशीच वागते. सामायिक फोल्डरवर नुसती फाइल बदलायची परवानगी पुरत नाही. ती लॅकडीबीवाली फाइल त्याच फोल्डरात तयार करावी आणि पुसावी लागते, म्हणून फोल्डरवरही लिहिण्या-पुसण्याची परवानगी हवी. नव्या यंत्रावर हे हक्क द्यायचे राहून जातात.

वर पिवळी पट्टी येते असं तू लिहिलंयस. तिच्यामुळे कोड आणि बदल करणाऱ्या क्वेऱ्या अडतात, पण टेबलात हाताने लिहिणं अडत नाही. पट्टी लाल असेल आणि तिच्यावर चालू करण्याचं बटणच नसेल, तर फाइल बाहेरून आलेली आहे असं विंडोजने टिपून ठेवलंय. २०२२ पासून अशा फाइलींमधला कोड ऑफिस सरळ बंदच ठेवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ची खूण कर, किंवा ते फोल्डर विश्वासू जागांच्या यादीत घाल. मात्र अख्खी ड्राइव्ह त्या यादीत घालू नकोस.

टेबलाच्या चित्राशेजारी बाण असेल तर ते लिंक केलेलं आहे. तुझं दुखणं मला इथेच दिसतं, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

एक्सेलच्या लिंक केलेल्या पानात लिहिता येत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस. पेटंटच्या एका खटल्यानंतर ती सोय २००५ च्या सुमारास काढून टाकली गेली. तिथे पान टेबल म्हणून आत आणणं हाच मार्ग. सर्व्हरवरच्या टेबलाचं तसं नाही. त्याला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख सांगणारा रकाना) किंवा एकही नोंद दुबार न येणारी अनुक्रमणिका (इंडेक्स) हवी. व्ह्यू (सर्व्हरवर साठवलेली क्वेरी) लिंक करताना तर ॲक्सेस स्वतः विचारतं की ओळ कोणत्या रकान्यावरून ओळखायची. तिथे घाईत 'कॅन्सल' केलं की व्ह्यू जोडला जातो, दिसतो, पण फक्त वाचायला. तुमच्याकडे आवृत्ती बदलताना जुन्या लिंक पुसून नव्या केल्या असतील, तर पूर्वी कुणीतरी दिलेलं ते उत्तर पुसलं गेलं आणि या वेळी कुणी दिलं नाही, अशी मला दाट शंका आहे. लिंक काढून पुन्हा जोड आणि सभासद क्रमांकाचा रकाना निवड.

ज्या '#डिलीटेड'मुळे बाईंवर आळ आला, त्याचंही असंच आहे. ॲक्सेस आधी सगळ्या ओळींच्या की आणतं आणि मग एकेक की दाखवून सर्व्हरकडून बाकीचे रकाने मागतं. की येता-जाता बदलली तर सर्व्हर म्हणतो अशी ओळच नाही, आणि ॲक्सेस ती पुसली गेली असं समजून तसं छापतं. की मोठ्या पूर्णांकाची, म्हणजे बिगइंट प्रकारची असेल तर हे हमखास घडतं. २०१६ च्या पुढच्या ॲक्सेसमध्ये बिगइंट ओळखण्याचा पर्याय चालू फाइलच्या सेटिंगमध्ये मिळतो. तो लावल्यावर टेबलं पुन्हा लिंक करावी लागतात, आणि मग फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून आधी प्रतीवरच करून बघ. सर्व्हरवरच त्या नोंदी मोजून त्याचा कागद सगळ्यांसमोर ठेव. आकडा पूर्वीइतकाच निघाला की बाईंच्या बाजूने दुसरं काही बोलावं लागणार नाही.

तिसरी तक्रार, 'दुसऱ्या कुणीतरी नोंद बदलली' हा संदेश एकटंच काम करत असतानाही येतो. ॲक्सेस नोंद साठवताना सर्व्हरला जुन्या किमतीही सांगतं: अमुक क्रमांकाची, अमुक नावाची, अमुक खूण असलेली ओळ शोध आणि बदल. हो-नाही प्रकारच्या रकान्यात सर्व्हरवर काहीच भरलेलं नसेल, तर ॲक्सेस त्याला 'नाही' समजतं आणि तसंच सांगतं. सर्व्हरला तशी ओळ सापडत नाही, म्हणून मध्ये कुणीतरी ती बदलली असा निष्कर्ष निघतो. त्या रकान्यांतल्या रिकाम्या जागी शून्य भर, पुढच्यासाठी शून्यच ठरवून दे, आणि टेबलाला रोव्हर्जन प्रकारचा (ओळ बदलली की आपोआप बदलणारा) एक रकाना जोडून टेबल पुन्हा लिंक कर. तो असला की ॲक्सेस की आणि तो, एवढीच तुलना करतं. माझं मत विचारशील तर सर्व्हरवरच्या ज्या ज्या टेबलात हाताने नोंदी बदलल्या जातात, त्या प्रत्येकात हा रकाना हवाच.

ड्रायव्हरकडेही बघ. विंडोजबरोबर येणारा नुसत्या 'एसक्यूएल सर्व्हर' नावाचा ड्रायव्हर फार जुना आहे. नव्या प्रकारच्या तारखा तो मजकूर म्हणून देतो. १७ किंवा १८ क्रमांकाचा ओडीबीसी (सर्व्हरशी जोडण्याच्या प्रमाण पद्धतीचा) ड्रायव्हर घाल. अठरावा मुळातच एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करून पाठवणं) मागतो, त्यामुळे सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र धड नसेल तर जोडणीच नाकारतो. ॲक्सेस आता ६४ बिटचं असेल तर ड्रायव्हर आणि डीएसएनही (जोडणीची साठवलेली माहिती) ६४ बिटचेच लागतील. यात एक विचित्र गुंता आहे. ओडीबीसीच्या दोन व्यवस्थापक-खिडक्या यंत्रावर असतात: 'सिस्टिम३२' फोल्डरातली ६४ बिटची, तर 'सिसवाऊ६४' मधली ३२ बिटची. नावावरून नेमकी उलटी उघडली जाते.

टेबल लिहू देतं पण क्वेरी देत नाही, असं निघालं तर क्वेरीची व्याख्या वाच. बेरजा, गट, 'डिस्टिंक्ट' (दुबार ओळी गाळणं), 'युनियन' (याद्या एकत्र करणं) यांपैकी काही असेल तर एका दिसणाऱ्या ओळीमागे अनेक खऱ्या ओळी असू शकतात. तिथे लिहिता येणार नाहीच. क्वेरीही चालते आणि फॉर्मच अडतो, तर 'अलाऊ एडिट्स' आणि 'रेकॉर्डसेट टाइप' हे दोन गुणधर्म तपास. दुसऱ्यात 'स्नॅपशॉट' (फक्त वाचायची प्रत) असेल तर तेच कारण.

बटणं दाबून काहीच होत नसेल तर कोड उघडून 'कंपाइल' कर, म्हणजे त्यातल्या चुका दिसतील. ६४ बिटमध्ये जुन्या 'डिक्लेअर' ओळींना (विंडोजची फंक्शनं वापरायला घेणाऱ्या) 'पीटीआरसेफ' हा शब्द जोडावा लागतो. 'रेफरन्सेस'मध्ये (कोडला लागणाऱ्या बाहेरच्या वस्तूंच्या यादीत) एखाद्या नावापुढे 'मिसिंग' असेल तर साध्या तारखेच्या किंवा अक्षरं कापण्याच्या फंक्शनवरही चूक येते, ज्यांचा त्या हरवलेल्या वस्तूशी काही संबंध नसतो. जुनं कॅलेंडर कंट्रोल २०१० च्या आवृत्तीतच काढून टाकलं होतं. तुमच्या फॉर्मवर ते असेल तर तिथे तारखेचा साधा रकाना ठेव. आणि कोडमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' जागोजागी दिसलं तर ते थोडा वेळ बंद कर. चुका गिळणारी ती ओळ लिहून देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण तिच्यामुळे कोडमध्ये चूक झाली तरी बाईंना पडद्यावर काहीच दिसत नाही.

एवढं सगळं करूनही काही सापडलं नाही, तर आलेल्या अपडेटवरही संशय घ्यायला हरकत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका सुरक्षा अपडेटनंतर चांगल्या चालणाऱ्या अपडेट क्वेऱ्या ३३४० क्रमांकाची चूक देऊन 'क्वेरी बिघडली आहे' म्हणू लागल्या होत्या. क्वेऱ्यांमध्ये काहीच वावगं नव्हतं, आणि दुरुस्ती नंतरच्या अपडेटमधून आली. म्हणून चुकीचा क्रमांक जसाच्या तसा टिपून ठेव.

मला तीन गोष्टी कळव: पेन्सिल कुठवर उमटते, ॲक्सेस किती बिटचं आहे, आणि लिंक कोणत्या ड्रायव्हरने जोडली आहे. खिडकीचा फोटो पाठवलास तरी चालेल. रविवारी मी दिवसभर मोकळा आहे. बाईंनाही शेजारी बसवून घे, कुठल्या रकान्यात काय असायला हवं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुझाच,
मित्र