बाबा, तुमची पाच पावलं

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आजीचा विषय निघाला की बाबा "जेवलीस का?" एवढं विचारतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. आजीनंच गिरवून घेतलेल्या अक्षरांत लिहितेय, वेलांट्या चुकल्या असतील.

आजीच्या स्मरण-उपासनेला तिची बार्बाडोसची मैत्रीण आली होती, आठवतं? परवा मी तिच्याकडे जाऊन आले. दोघी 1964 साली बर्मिंगहॅमच्या नर्सेस होममध्ये शेजारशेजारच्या खोल्यांत राहायच्या. दुपारी गेले ती रात्रीच निघाले. बाबा, तिनं जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नाही, असं मला वाटतं.

तुम्ही आम्हाला एकच गोष्ट सांगत आलात. मिरज स्टेशन, पावसाळा, पुण्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी, आणि गाडीत बसल्यावर एकदाही खिडकीतून न बघणारी तुमची आई, म्हणजे आजी. तुम्ही पाच वर्षांचे. आजोबा क्षयानं जाऊन वर्ष झालेलं. "दोन वर्षांत तुला नेते," असं ती म्हणाली आणि पाच वर्षं लावली. सतारमेकर गल्लीतल्या घरात पणजीजवळ तुम्ही ती पाच वर्षं मोजलीत. "तिला तिकडं बरं वाटत होतं," असं तुम्ही एकदा म्हणालात. मी तेव्हा बारा वर्षांची असेन, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

दोन वर्षं हा आकडा तिनं स्वतःच्या मनानं काढला नव्हता. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डात मदतनीस असताना तिला इंग्लंडमध्ये "नर्सचं शिक्षण" मिळेल असं कळलं होतं, ते दोन वर्षांचं. तिथं नर्सिंगचे दोन रस्ते होते. तीन वर्षांचा एसआरएन, म्हणजे पूर्ण नर्स, आणि दोन वर्षांचा एसईएन, म्हणजे दुय्यम नर्स. दुसऱ्या रस्त्यानं गेलं की सिस्टर होता येत नाही, आणि भारतात परतल्यावर त्या कागदाला किंमत नाही. परदेशातून आलेल्या कितीतरी मुलींना हा फरक न सांगताच दुसऱ्या रस्त्याला लावलं गेलं. आजीला तो 1966मध्ये कळला, बिल्ला हातात आल्यावर. मैत्रीण म्हणाली, त्या रात्री ती रडली नाही. स्वच्छतागृहात जाऊन बेडपॅन घासत बसली. तिची पाळी नसताना.

मग तिनं एसआरएनला पुन्हा नाव घातलं. पुन्हा विद्यार्थिनी, पुन्हा तुटपुंजा पगार, त्यातून मिरजेला पैसे. नर्सेस होममध्ये मूल ठेवता येत नव्हतं. बाहेर खोली बघायला जावं तर दार उघडणारा तिचा चेहरा बघूनच "गेली खोली" म्हणायचा. रंगावरून घर नाकारणं बेकायदा ठरवणारा कायदा 1968च्या अखेरीस लागू झाला. त्यानंतरही तिला दोन खोल्या मिळायला जवळजवळ वर्ष लागलं. तुम्ही हीथ्रोला उतरलात तो नोव्हेंबर 1969. हिशोब करून बघा, बाबा. खोल्या मिळाल्या आणि महिन्याभरात तिनं तुम्हाला आणलं.

पुढची तीस वर्षं आपण सगळ्यांनी बघितली. नाइट ड्यूटीवरून येऊन तुमचा डबा, मग झोप. चादरीचे कोपरे असे घट्ट दुमडायची की आम्हा मुलांना पाय आत घालायला कष्ट पडायचे. पेशंटच्या पाठीला जखम झाली तर ती वॉर्डाची लाज, असं म्हणायची. आई, तुझ्या ऑपरेशननंतर दर दोन तासांनी तिनंच तुला कुशीवर वळवलं होतं, पंचाहत्तराव्या वर्षी. 2020मध्ये दर गुरुवारी रात्री आठला सगळी गल्ली एनएचएससाठी, इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, टाळ्या वाजवायची, तेव्हा ती दारात हात जोडून उभी राहायची. त्या दिवसांत करोनानं गेलेल्या डॉक्टर-नर्सेसमध्ये आपल्याकडची नावं किती होती. ती एकेक नाव मोठ्यानं वाचायची.

निघताना मैत्रिणीनं विचारलं, "ती पावलं कुठायत?" मला कळेना. मग म्हणाली, दरवर्षी मिरजेहून एका निळ्या एरोग्रॅमवर मुलाच्या पावलाची पेन्सिलनं काढलेली रेघ यायची. बूट घ्यायला माप म्हणून. आजी ते भिंतीला टाचणीनं लावायची आणि ड्यूटीला निघताना त्यावर तळहात ठेवायची. बूट पोचेपर्यंत तुमचा पाय वाढलेला असायचा, हे पणजीनं तिला कधी कळवलं नाही म्हणे.

काल तिच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला. पाचही आहेत. प्रत्येकावर पणजीच्या हातची तारीख, कडेला टाचणीची भोकं. शेवटच्या कागदावर पाऊल मावलं नाही, अंगठा घडीच्या पलीकडे गेलाय.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय. कागद बरोबर आणते. आई, त्या दिवशी बाबांना बागेच्या कामाला जाऊ देऊ नकोस.

तुमची,
ताई