गवारीच्या डिंकाची बडोद्यातच चाचणी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतींच्या रंगीत सांडपाण्याचा विषय बडोदेकरांना नवा नाही. हे पाणी स्वच्छ करताना तुरटीसारखी रसायने घालतात, त्यातून भरपूर गाळ निघतो आणि तो टाकायचा कुठे हा प्रश्न उरतोच. यावर गवारीच्या बियांपासून निघणाऱ्या डिंकाचा गंभीरपणे विचार व्हायला हवा.

जगातली सुमारे 80 टक्के गवार भारतात पिकते, गुजरातेतही पिकते. अमेरिकेतल्या तेलविहिरींसाठी हा डिंक इतका उचलला गेला की 2012 मध्ये भाव गगनाला भिडले आणि त्याचा वायदेबाजार थांबवावा लागला. आपल्याच पाण्यासाठी मात्र त्याची फारशी आठवण कुणाला होत नाही.

‘नैसर्गिक आहे, घाला पाण्यात’ असे मात्र नको. कच्च्या डिंकाचे द्रावण काही दिवसांतच नासते, आणि पाण्यात उरलेला डिंक जिवाणूंचे खाद्य होतो. शिवाय त्याच्यावर विद्युतभार नसतो. मातीचे कण आणि कापडाचे बरेचसे रंग ऋणभारित असतात, म्हणून डिंकाच्या रेणूच्या लांब साखळीवर धनभारित गट बसवतात. मग एकच लांब साखळी अनेक कणांना धरते, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. दुसरी रीत म्हणजे साखळीवर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या (एका कृत्रिम रसायनाच्या) फांद्यांचे कलम करणे. खरगपूरच्या आयआयटीत यावर चांगले काम झाले आहे. पण कलम केलेल्या डिंकात त्या रसायनाचा मूळ घटक असलेले, आरोग्याला घातक असे सुटे अ‍ॅक्रिलामाइड राहता कामा नये. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याला आत्ताच हात लावू नये, सुरुवात सांडपाण्यापासून व्हावी.

चाचणीला फार खर्च नाही. एकाच टाकीतले पाणी सहा काचपात्रांत घ्यायचे. एकात काहीच नाही, एकात तुरटी, एकात तुरटी व सुधारित डिंक दोन्ही मिळून, बाकीच्यांत नुसता सुधारित डिंक वेगवेगळ्या मात्रेत. आधी जोरात ढवळायचे, मग सावकाश, मग अर्धा तास स्थिर ठेवायचे. पुंजके बसताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना तुरटी घेऊन हे दाखवत असे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाने कारखानदारांना बरोबर घेऊन हे काम हाती घ्यावे, आणि पाण्याचा रंग, गढूळपणा, गाळाचे प्रमाण व खर्चाचे आकडे लोकांसमोर मांडावेत. खर्च धरताना गाळाची विल्हेवाटही धरावी. ती वगळली की तुरटी नेहमीच स्वस्त दिसते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, बडोदा