फाटकापाशी गप्प होणारा फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील रस्ते, पदपथ आणि मेट्रो यांच्याविषयी आपल्या दैनिकातून नियमितपणे लिहिले जाते. परंतु रस्ता संपून इमारत सुरू झाली की दृष्टिबाधित माणसाने पुढे कसे जायचे, हा प्रश्न फारसा कुणी मांडत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने माझी दृष्टी पंचेचाळिशीनंतर हळूहळू गेली. पांढरी काठी आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन यांच्या आधाराने मी नागपुरात एकटा फिरतो. गेल्या पावसाळ्यात शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मी असाच एकटा तपासणीला गेलो होतो. फाटकापाशी फोनने ‘तुम्ही पोहोचला आहात’ असे सांगितले आणि तो गप्प झाला. तेथून 23 क्रमांकाची खोली गाठायला मला घरून रुग्णालयात येण्यापेक्षा अधिक वेळ लागला. ज्यांना विचारले त्यांनी आपुलकीनेच उत्तर दिले, ‘समोरच तर आहे ना काका, तिकडून सरळ जा’. पण ‘तिकडे’ म्हणताना उचललेला हात मला दिसत नव्हता. शेवटी भिंतीवरून हात सरकवत गेलो, तेव्हा एका दाराशेजारी ब्रेलची पाटी बोटांना लागली. मला फार हायसे वाटले, पण बोटे फिरवून पाहिली तर भिंतीबरोबर पाटीवरही तैलरंगाचे हात मारलेले होते आणि ठिपके त्याखाली बुजून गेले होते. खोली तीच होती, मात्र तिच्यातील विभाग पहिल्या मजल्यावर हलवला असल्याचा कागद दारावर चिकटवलेला होता. तो कागद वाचून दाखवला साफसफाई करणाऱ्या एका मावशींनी, आणि त्याच मला वर घेऊन गेल्या.

फोन फाटकाशी का थांबतो, हे समजून घेतले पाहिजे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचे मुळातच क्षीण असलेले संकेत स्लॅब आणि लोखंड यांतून आत नीट पोहोचत नाहीत. आत थोडाफार संकेत मिळाला, तरी काही मीटरची चूक राहतेच. रस्त्यावर ती चालून जाते. रुग्णालयात तेवढ्या अंतरात चार दारे आणि एक जिना येतो, शिवाय आपण कोणत्या मजल्यावर आहोत हेही त्यावरून खात्रीने कळत नाही.

यावर जगात बरेच काम झाले आहे. लंडनच्या पिम्लिको भुयारी स्थानकात 2015 साली ‘वेफाइंडर’ या उपक्रमाची चाचणी झाली. त्यात ठिकठिकाणी बसवलेल्या ब्लूटूथ बीकनचे, म्हणजे सतत संकेत सोडणाऱ्या सेलवरच्या छोट्या यंत्रांचे, संकेत फोन टिपतो आणि त्यांच्या तीव्रतेवरून आपण कोठे आहोत हे ठरवून कानात सूचना देतो. आयबीएममधील संशोधक चिएको असाकावा या स्वतः अंध आहेत. त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर विकसित केलेली ‘नॅव्हकॉग’ ही वाट सांगणारी प्रणाली पिट्सबर्गच्या विमानतळावर वापरून पाहण्यात आली. दोन बीकनच्या मधल्या अंतरात फोनमधील संवेदक (सेन्सर) पावले आणि वळणे मोजतात, त्यातील चूक हळूहळू वाढत जाते आणि पुढच्या बीकनपाशी ती सुधारून घेता येते. गर्दीची अडचण मात्र खरी आहे, कारण माणसाच्या शरीरातील पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेते. सकाळी दहा वाजता आपल्या ओपीडीत केस पेपरसाठी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्टकेन ही काठी तीन मीटरपर्यंतचा, गुडघ्यावरचा अडथळा कंपनाने कळवते. ती उपयोगाचीच आहे, पण अडथळा कळणे आणि वाट कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. बीकन बसवून, उद्घाटन करून इमारतीतील वाट सापडत नाही. वाट सापडते ती आतल्या नकाशामुळे, आणि तो नकाशा इमारतीबरोबर रोज बदलावा लागतो. विभाग हलला, जिना दुरुस्तीसाठी बंद झाला, मधल्या वाटेत बाकडे आले, तर त्याच दिवशी नकाशात तशी नोंद झाली पाहिजे आणि बीकनचे सेल संपण्याआधी बदलले गेले पाहिजेत. हे काम कोणाचे, हे आधी ठरले नाही तर त्या यंत्रणेचे तेच होईल, जे त्या ब्रेलच्या पाटीचे झाले. चुकीची सूचना मौनापेक्षा वाईट असते, कारण तिच्यावर विसंबून आम्ही पाऊल टाकतो.

नागपूर मेट्रोच्या स्थानकांतील उठावाच्या पिवळ्या फरश्यांमुळे माझा प्रवास सोपा झाला आहे, हे मी मनापासून नमूद करतो. लांब पट्टी म्हणजे चला आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, ही तळपायांना कळणारी भाषा आहे. उठावाच्या फरश्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1967 मध्ये प्रथम रस्त्यावर आणल्या. परंतु सीताबर्डी इंटरचेंजला दोन मार्गिका वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकींना छेदतात, तेथे फरशी चालायला सांगते, खापरीची गाडी कोठे आणि लोकमान्यनगरची कोठे हे सांगू शकत नाही. तेथे कानात पडणाऱ्या एका वाक्याची गरज आहे.

हे मागणे मेहेरबानीचे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 45 नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत असे स्पष्ट करून, बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांचा अवधी दिला होता.

माझी विनंती एवढीच आहे की, सगळे शहर एकदम हाती न घेता शासकीय रुग्णालयाचा एक बाह्यरुग्ण विभाग निवडावा. नागपुरातील व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी त्याचा नकाशा तयार करावा आणि रुग्णालयाने तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका ठरावीक पदावर लेखी सोपवावी. सूचना मराठीत आणि चालणाऱ्याला समजतील अशा असाव्यात. ‘सात मीटरवर डावीकडे’ यापेक्षा ‘उजव्या हाताला लिफ्टची घंटा ऐकू येईल, ती ओलांडल्यावर दुसरे दार’ हे मला अधिक कळते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी ब्रेलच्या पाट्या आणि उठावाच्या फरश्या राहिल्याच पाहिजेत, आणि पाट्यांवर रंग लावू नये अशी अट रंगकामाच्या निविदेतच घालावी.

चाचणीसाठी दृष्टिबाधित माणसांना उद्घाटनाच्या दिवशी बोलावण्याऐवजी पहिला बीकन बसण्यापूर्वी बोलवावे. मी सेवानिवृत्त आहे आणि केव्हाही येऊ शकतो. फक्त ओपीडीच्या गर्दीच्या वेळीच बोलवावे, कारण दुपारी चारनंतर रिकाम्या झालेल्या इमारतीत सगळ्याच यंत्रणा चांगल्या चालतात.

आपला,
एक दृष्टिबाधित वाचक
प्रतापनगर, नागपूर