इफेक्ट मग लाव, आधी कात्री घे

प्रिय दोस्ता,

तुझ्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट उतरवून घेतला आणि निवांत ऐकला. "आवाज मेल्यासारखा वाटतोय, कुठला प्लगइन टाकू?" असं विचारलं आहेस. अरे बाबा, प्लगइन म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर, आणि आवाजाच्या ट्रॅकवर आत्ताच दोन कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे), तीन इक्यू (वारंवारता कमी-जास्त करणारे), एक डी-एसर (टोचणारा 'स' मऊ करणारा), सूर दुरुस्त करणारा एक, त्यावर रिव्हर्ब (घुमारा देणारा) आणि शेवटी टेपची ऊब आणतो म्हणणारं काहीतरी बसलंय. मी सगळं बायपास केलं, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवलं, आणि नुसता आवाज ऐकला. मस्त गायला आहेस! त्यात जे मेलंय ते रेकॉर्डिंगनंतर मेलंय.

मला विचारशील तर तुझं निम्म्याहून जास्त काम कापणं, जोडणं आणि लेव्हल सारखी करणं एवढ्यावरच भागेल. त्यातलं जवळजवळ काहीच झालेलं नाही. जिथे कात्री चालवायची तिथे एकेक प्लगइन टाकून तू वेळ मारून नेली आहेस.

तू कापायला बिचकतोस ते ऑडॅसिटी या जुन्या सॉफ्टवेअरच्या सवयीमुळे. तिथे पूर्वी इफेक्ट दिला की तो थेट लहरीत लिहिला जायचा. चालू आवाजावर लावता-काढता येणारे इफेक्ट तिथे २०२२ मध्ये ३.२ आवृत्तीत आले. तू आता वापरतोस त्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा कारभार पहिल्यापासून वेगळा आहे. टाइमलाइनवर दिसणारी क्लिप ही फक्त एक नोंद असते: डिस्कवरच्या अमुक फाइलमधला इथपासून इथपर्यंतचा तुकडा एवढ्या आवाजात वाजव. एस दाबून क्लिप कापलीस की नोंद बदलते, मूळ फाइलला धक्का लागत नाही. कापलेली कड धरून ओढ, गेलेला भाग परत येतो. टेपच्या जमान्यात खरोखर ब्लेडने टेप कापून चिकटवायचे, त्यांनी घाबरावं. तुला काय झालंय?

आता पहिलं काम. तुझ्याकडे मुखड्याचे चार टेक (चार वेळा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं) आहेत आणि तू त्यातला एक अख्खा उचलला आहेस, कारण त्यातली शेवटची ओळ चांगली आली. पण पहिली ओळ दुसऱ्या टेकमध्ये कितीतरी मोकळी आहे. रीपरच्या सातव्या आवृत्तीपासून सगळे टेक एकाखाली एक लेनमध्ये मांडता येतात आणि हवा तो भाग माउसने रंगवल्यासारखा निवडता येतो. ओळीओळीने निवड. शब्दाशब्दाने निवडू लागलास तर सगळे सूर नीट येतील आणि गाणारा माणूस हरवेल. एका श्वासात म्हटलेली ओळ शक्यतो एकाच टेकमधली असू दे. शिवाय निवडताना पडद्याकडे पाहू नकोस. लहर सुबक दिसते म्हणून टेक चांगला ठरत नाही.

जोड कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. लांबवलेल्या स्वराच्या मधे कधीच नाही, कारण दोन टेकमधला कंप, जोर आणि तोंडाची उघडझाप जुळत नाही. क, त, प असं कठोर व्यंजन सुरू होण्याच्या अगदी आधी एक क्षणभर शांतता असते, तिथे काप. तिथला जोड कानाला सापडत नाही.

दुसऱ्या अंतऱ्यात जो 'टक्' वाजतोय आणि ज्याच्यासाठी तू क्लिक काढायचा प्लगइन शोधत होतास, तो तुझ्याच कापण्याचा आहे. तिथे झूम करत जा, लहरीचे ठिपके सुटे दिसेपर्यंत. डावीकडची क्लिप शून्यरेषेच्या बरीच वर संपते आणि उजवीकडची शून्याच्या खालून सुरू होते. स्पीकरच्या पडद्याला एका नमुन्यातून (ठिपक्यातून) पुढच्या नमुन्यात, म्हणजे सेकंदाच्या ४४,१००व्या भागात, एवढी उडी मारावी लागते. अशा उडीत खालपासून वरपर्यंत सगळ्या वारंवारता एकदम असतात, म्हणून ती 'टक्' अशी ऐकू येते. ती इक्यूने जाणार नाही. दोन्ही क्लिप एकमेकींवर ५ ते १० मिलिसेकंद चढव आणि क्रॉसफेड दे (पहिली हळूहळू विरते, दुसरी हळूहळू चढते), संपला विषय. टेप तिरकी कापायचे ती याचसाठी. रीपर बारीक फेड स्वतःहून देतं. ते तू प्रेफरन्सेसमध्ये बंद करून ठेवलेलं दिसतंय. चालू कर.

क्रॉसफेडच्या रेषेचा आकारही बघ. दोन वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडताना सरळ रेषांची फेड दिलीस तर बरोबर मध्यावर आवाज साधारण ३ डेसिबलने खचतो, लांब फेडमध्ये तो खड्डा जाणवतो. तिथे फुगीर, म्हणजे समान शक्तीची फेड घे. एकाच आवाजाची प्रत त्याच जागी जोडत असशील तर उलट, तिथे सरळ रेषाच बरोबर, नाहीतर मध्ये उंचवटा येतो.

तबल्याला हात लावायच्या आधी एक सावधगिरी. दायाँ-बायाँचे दोन माइक आहेत, दोन्ही ट्रॅक ग्रुप कर आणि मगच काप. एक ट्रॅक दोन मिलिसेकंद जरी सरकला तरी दोन्ही माइकमध्ये आलेला तोच आघात एकमेकाला काही वारंवारतांवर खोडतो आणि बायाँ पोकळ वाजायला लागतो. ठेका ग्रिडवर (पडद्यावरच्या समान अंतराच्या मात्रांच्या रेघांवर) आपटून बसवायच्या फंदात तर पडूच नकोस. वादक समेवर किंचित मागे झुकतोय आणि त्यातच सगळी गंमत आहे.

आता लेव्हल. अंतऱ्यातली वरच्या सप्तकातली ओळ मुखड्यापेक्षा ६-७ डेसिबलने मोठी आहे. तुझा पहिला कॉम्प्रेसर ती दाबण्यासाठी लावलेला, पण तो बिचारा सगळं गाणंच दाबत बसलाय. हिशेब बघ: समज, थ्रेशोल्ड (जिच्यावर गेल्यावर दाबणं सुरू होतं ती रेषा) उणे १८ डेसिबल, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४ ला १. एखादा सूर उणे १० वर गेला, म्हणजे रेषेच्या ८ डेसिबल वर. बाहेर पडताना त्या ८ चे २ होतात, सूर उणे १६ वर येतो, ६ डेसिबल कापले गेले. इथपर्यंत ठीक आहे. पण तू थ्रेशोल्ड उणे ३० ठेवला आहेस, त्यामुळे तुझी कुजबुजसुद्धा त्या रेषेच्या वर आहे आणि कॉम्प्रेसर कधी सुटतच नाही. त्याऐवजी मोठी ओळ कापून वेगळी कर आणि क्लिपचाच आवाज ४-५ डेसिबल खाली घे. हळू ओळी थोड्या वर. एवढं हाताने केल्यावर त्याच कॉम्प्रेसरला जेमतेम ३-४ डेसिबलचं काम उरतं आणि तो आहे हे कळतही नाही.

दुसऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागायचा वेळ) १ मिलिसेकंद आहे. तुझे सगळे 'क' आणि 'त' त्याने गिळलेत, आवाज मेल्यासारखा वाटण्याचं मुख्य कारण माझ्या मते हेच. १५-२० मिलिसेकंद ठेव, म्हणजे व्यंजनाचा टोकदार भाग आधी निसटून जातो आणि मागचा स्वर तेवढा धरला जातो. खरं तर तो दुसरा काढूनच टाक.

श्वास पुसू नकोस. काही ठिकाणी तू ते साफ उडवलेस आणि जागा कोरी ठेवलीस. तिथे खोलीचा आवाजही एकदम थांबतो आणि ऐकणाऱ्याला गाणं बंद पडल्यासारखं वाटतं. श्वासाची क्लिप ८-१० डेसिबल खाली आण, बस. जिथे खरंच काही काढावं लागेल, तिथे त्याच रेकॉर्डिंगमधला शांत खोलीचा तुकडा भर. यापुढे गाण्याआधी चार-पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करत जा, म्हणजे तो तुकडा हाताशी राहील.

पंख्याची घरघर घालवायलाही तोच तुकडा लागतो. नॉइज रिडक्शनला आधी नुसती घरघर ऐकवायची. ते तिच्या वारंवारतांचा साचा घेतं आणि गाण्यात त्या साच्याएवढ्या क्षीण असलेल्या वारंवारता खाली दाबतं. ६ ते १० डेसिबलवर थांब. तू २४ केलेस, म्हणून ओळींच्या शेपटांना पाण्यातून बोलल्यासारखा गुळगुळ आवाज येतोय. थोडी घरघर राहिली तर तानपुऱ्याखाली झाकली जाईल. तीन इक्यूंमधला एकच ठेव: ८० हर्ट्झच्या खालचं काप, ३००-४०० च्या आसपास डबा वाजतोय तो दोन-तीन डेसिबल उतरव. आणि डी-एसर सैल कर रे, तुझा 'सांज' 'थांज' झालाय. ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात 'स' जिथे टोचतो तिथे तो हाताने कापून खाली घेतलास तर डी-एसरची गरजही पडणार नाही.

सुराचं जरा सविस्तर बोलू, कारण तिथे माझं डोकं फिरलं. सूर दुरुस्त करायचं हे तंत्र ऑटो-ट्यूनच्या रूपाने १९९७ मध्ये बाजारात आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचं विश्लेषण करायचे. करामत मोठीच आहे. पण मुळात ते प्रत्येक सुराला पट्टीतल्या जवळच्या स्वरावर ओढतं, आणि ती पट्टी पाश्चात्त्य समान अंतरांची असते, १०० सेंटचा एक अर्धस्वर. तुझ्या मागे तानपुरा आहे. सा च्या तारेतून जो गांधार आपोआप उमटतो तो त्या पट्टीतल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. तू गाताना कान लावून नेमका तोच गांधार घेतलायस, आणि प्लगइनने तो 'बेसूर' ठरवून वर चढवलाय! म्हणूनच मुखड्याचा शेवट तानपुऱ्याशी भांडतो. मींडेचं तर विचारूच नकोस, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताना तिच्या पायऱ्या झाल्यात. हार्मोनियम किंवा गिटार मागे असती तर गोष्ट वेगळी, ती वाद्यं बहुधा समान अंतरांवरच लावलेली असतात. या गाण्यातून तो प्लगइन काढ. अंतऱ्यातला एक पंचम खरंच खाली आहे, तेवढी क्लिप कापून हाताने १५-२० सेंट वर घे.

रिव्हर्ब आवाजाच्या ट्रॅकवर लावू नकोस, वेगळा ट्रॅक करून आवाजाची प्रत तिकडे सेंडने पाठव. तिथे त्यालाही स्वतंत्र इक्यू देता येतो आणि २०० हर्ट्झखालचा चिखल कापता येतो. प्री-डिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीची फट) ३०-४० मिलिसेकंद दे, शब्द पुढे राहतात.

आणि एक सवय लावून घे, मला फार उशिरापर्यंत कोणी सांगितली नव्हती. प्लगइन चालू-बंद करून तुलना करतोस तेव्हा दोन्हीकडचा आवाज सारखा मोठा आहे ना ते आधी बघ. एखादा डेसिबल वाढला तरी कान 'वा, छान' म्हणतो, मग खरोखर काही सुधारलेलं असो वा नसो. तुझा तो ऊब आणणारा प्लगइन २ डेसिबल वाढवतो, बाकी फारसं काही करत नाही. आउटपुट २ ने कमी करून ऐक आणि सांग.

मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) लिमिटर, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज जाऊ न देणारा प्लगइन, ठोकून तू उणे ७ एलयूएफएसपर्यंत (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) गेलास. कशासाठी? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी उणे १४ च्या जवळ आणून वाजवतं. तुझं गाणं ते ७ डेसिबल खाली घेणार, आणि दाबून सपाट केलेला तबला तसाच सपाट राहणार. उणे १४ च्या आसपास थांब, पीक (आवाजाची सर्वांत उंच टोकं) उणे १ च्या वर जाऊ देऊ नकोस. रेकॉर्डिंग करतानाही २४ बिटवर लाल दिव्याला चिकटायची गरज नाही, पीक उणे १२ च्या आसपास असले तरी पुष्कळ जागा उरते.

आता हे कर: प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह कर, आवाजावरचे सगळे प्लगइन काढ, आणि टेक निवडून, जोडून, लेव्हल हाताने सारख्या करून मला पाठव. कॉम्प्रेसर आणि इक्यू आपण फोनवर बोलत लावू. सेव्ह करताना सगळ्या ऑडिओ फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची खूण कर आणि अख्खं फोल्डर पाठव. या वेळी मागच्या कोरसचे दोन्ही ट्रॅक माझ्याकडे रिकामे उघडले, फाइल तुझ्याच डेस्कटॉपवर राहिल्यात. कोरस कसा झालाय ते मी अजून ऐकलेलंच नाही.

तुझाच